पाखरांची शीट आणि पुतळ्याची झीज

आमच्या रात्रीच्या वर्गातली मंडळी एकदा नाशिकला गेली होती. नवे अक्षर शिकलेल्या माणसाला मोठी हौस असते. दिसेल ती पाटी तो वाचतो. दुकानाची पाटी वाचतो, एसटीची पाटी वाचतो, दगडावर कोरलेले नावही वाचतो.

एका चौकात एक पुतळा होता. पुतळ्याखाली धातूची पाटी होती. वर्गातल्या एक बाई पुढे झाल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. पहिली ओळ नीट वाचली. दुसरी अर्धी वाचली आणि थांबल्या.

"पुढचं काय दिसंना बाई," त्या म्हणाल्या.

आम्ही जवळ जाऊन पाहिले. पाटीवर पाखरांची शीट पडून वाळली होती. पांढरे ओघळ खालपर्यंत आले होते. ओल्या फडक्याने आम्ही ते पुसले. शीट निघाली, पण अक्षरे काही नीट उमटली नाहीत. तिथला धातू खडबडीत झाला होता. त्यावर हिरवे डाग होते. अक्षरांच्या कडा झिजल्या होत्या.

बाईंनी विचारले, "एवढंसं पाखरू, त्याची शीट ती केवढी! तिनं धातू खाल्ला व्हय?"

होय, खाल्ला. एका दिवसात नाही, पण वर्षावर्षाने खाल्ला. हे कसे होते आणि त्याला उपाय काय, ते आता आपण पाहू.

शीट म्हणजे काय?

पाखराची शीट नीट पाहिली तर तिच्यात दोन रंग दिसतात. एक भाग काळपट किंवा हिरवट असतो. तो म्हणजे पाखराची विष्ठा. दुसरा भाग पांढरा, खडूच्या लगद्यासारखा असतो. तो म्हणजे पाखराचे मूत्र.

माणूस, गाय, बैल यांचे मूत्र पातळ असते. पाखराचे तसे नाही. पाखराला उडायचे असते. अंगात पाण्याचा बोजा बाळगून त्याला चालत नाही. म्हणून त्याचे शरीर पाणी राखून ठेवते आणि घाण तेवढी घट्ट करून बाहेर टाकते. या पांढऱ्या लगद्यात मुख्यतः एक आम्ल असते. त्याला युरिक आम्ल म्हणतात.

आम्ल म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे. लिंबू, चिंच, ताक यांच्या आंबटपणामागे आम्लच असते. युरिक आम्ल लिंबासारखे जोरकस नाही. पण त्याचा एक गुण वाईट आहे. ते पाण्यात फार कमी विरघळते. म्हणून शीट एकदा वाळली, की साध्या पावसाने सगळी धुऊन जात नाही. ती चिकटून राहते. रात्री दव पडले की भिजते, उन्हाने वाळते, पुन्हा भिजते. ओलसर लेप लावून ठेवावा तशी ती एकाच जागी महिनोन् महिने काम करीत राहते.

शिवाय शिटेत क्षार असतात. तिच्यावर बुरशी आणि सूक्ष्म जंतू वाढतात. हे जंतू शीट कुजवतात आणि त्यातून अमोनिया नावाचा वायू तयार होतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरल्यावर नाक आणि डोळे झोंबतात ना? ते या अमोनियानेच. तांब्याला आणि पितळेला हा वायू मानवत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ताजे कोंबडीखत पिकाच्या बुडाशी टाकले तर पीक जळते. म्हणून आपण ते आधी कुजवून घेतो. जी वस्तू पिकाची मुळे जाळते, ती धातूवर आणि चुन्यावरही आपला प्रताप दाखवणारच.

ताक का कळकते?

नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे जुने गाव. तिथला भांडी बाजार प्रसिद्ध आहे. पूर्वी आपल्या घरांतही तांब्या-पितळेचीच भांडी असत. त्या वेळच्या बायकांना एक गोष्ट पक्की माहीत होती. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली, की त्यात ताक किंवा आमटी ठेवायची नाही. ठेवली तर ती कळकते. तिला हिरवट रंग येतो, चव बिघडते, आणि खाल्ली तर पोटात ढवळते.

हे का होते? ताकातले आम्ल तांब्याला लागते. तांब्याचा थोडा अंश त्यात उतरतो. तोच हिरवा कळक. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो मध्ये असला की आम्ल तांब्यापर्यंत पोचत नाही.

आता पुतळ्याचा विचार करा. मोठे पुतळे बहुधा ब्राँझचे असतात. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांची मिश्र धातू. तिच्यात तांबेच जास्त असते. म्हणजे पुतळा हे एक मोठे तांब्याचे भांडेच समजा. फरक एवढाच, की भांडे रोज घासले जाते आणि पुतळा वर्षभर उघड्यावर उभा असतो.

घरी करून पाहा. तांब्याचा एखादा जुना, वापरात नसलेला तुकडा घ्या. त्यावर आंबट ताकाचे दोन थेंब ठेवा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी पुसून पाहा. तेवढ्या जागीच डाग दिसेल. पुतळ्यावर शीट पडते तेव्हा हेच होते. फक्त ताक एक रात्र राहते आणि शीट वर्ष वर्ष राहते.

पुतळ्याचे कातडे

नवा ब्राँझचा पुतळा चकचकीत असतो. पुढे ऊन, वारा, पाऊस लागून तो तपकिरी, मग काळपट होतो. कधी हिरवट छटा येते. पुष्कळांना वाटते, पुतळा खराब झाला. पण तसे नाही. तो सारखा, घट्ट थर म्हणजे पुतळ्याचे कातडेच आहे. आतल्या धातूला तो राखतो.

शीट पडली की हे कातडे एका जागी फाटते. शेजारचा भाग शाबूत आणि मधला भाग खाल्लेला, असे होते. मग तिथे बारीक खड्डे पडतात. खड्ड्यात धूळ आणि पाणी साचते. तिथून झीज आणखी खोल जाते. वरून खाली फिक्या हिरव्या रेघा ओघळतात. आधी नाकाची, मिशीची, बोटांची बारीक घडण पुसट होते. मग अक्षरे जातात.

नीट राखला तर धातू किती टिकतो, हे पाहायचे असेल तर आपल्याच भागात दाखला आहे. नाशिकच्या शेजारी अहिल्यानगर जिल्हा आहे. पूर्वी त्याला अहमदनगर म्हणत. तिथे प्रवरा नदीकाठी दायमाबाद नावाचे गाव आहे. १९७४ साली तिथे जमिनीत तांब्याच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस, आणि बैल जोडलेला रथ हाकणारा माणूस. त्या साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. आजही त्यातला प्राणी ओळखू येतो.

पुण्यात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला तो ब्राँझचा पुतळा १९२८ साली उभा राहिला. म्हणजे त्याला शंभर वर्षे होत आली. तेव्हा ब्राँझ ही काही कच्ची वस्तू नाही. कच्ची असते ती आपली निगा.

लोखंडाचे तर आणखी लवकर होते. गोठ्याचे, घराचे पत्रे लोखंडी असतात. त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. शीट साचून राहिली की आधी तो मुलामा जातो. मग खालचे लोखंड उघडे पडते आणि गंजते. पत्र्याला भोक पडले की पावसाळ्यात घर गळते. म्हणजे ही गोष्ट फक्त चौकातल्या पुतळ्याची नाही, आपल्या घराच्या छपराचीही आहे.

दगड, चुना आणि लोणा

नाशिकच्या गोदाकाठी जुनी दगडी मंदिरे आहेत. नारोशंकराचे मंदिर १७४७ साली बांधले गेले. त्याच्यावरची मोठी घंटा सगळ्यांना माहीत आहे. वसईच्या किल्ल्यावर १७३९ साली मराठ्यांनी विजय मिळवला, त्याची ती आठवण म्हणून सांगतात. सुंदरनारायणाचे मंदिर १७५६ सालचे. काळाराम मंदिर त्यानंतरचे, सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले.

ही मंदिरे काळ्या दगडाची आहेत. हा आपल्या सह्याद्रीचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस बाहेर आला आणि थिजला, त्याचा हा दगड झाला. तो फार टणक असतो. आम्लाला तो सहजासहजी दाद देत नाही.

मग मंदिराला भीती कशाची? सांध्यांची. जुन्या बांधकामात दगडांच्या सांध्यांत चुना भरलेला असतो. काही जागी चुन्याचा गिलावाही असतो. चुना आम्लापुढे टिकत नाही. संगमरवरी पुतळ्यांचेही तसेच. चुनखडी आणि संगमरवर एकाच कुळातले.

हेही करून पाहा. अंड्याचे टरफल घ्या. त्यावर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे येतील. टरफलातही तोच पदार्थ असतो जो संगमरवरात असतो. आम्ल त्याला विरघळवते, ते बुडबुडे त्याचेच.

दुसरी भीती लोण्याची. दुधातल्या लोण्याची नव्हे, भिंतीला लागतो त्या लोण्याची. गोठ्याच्या भिंतीला खाली पांढरी पूड येते. हात लावला की माती, गिलावा भुरभुर गळतो. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. जनावरांचे मूत्र भिंतीत मुरते. त्याचे क्षार होतात. ओल असते तोवर ते पाण्यात विरघळून असतात. भिंत वाळली की त्यांचे खडे बनतात. खडा बनताना फुगतो आणि भोवतीचा गिलावा आतून फोडतो.

शिटेचेही असेच आहे. तिच्यातले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर दगडाच्या बारीक छिद्रांत आणि सांध्यांत उतरतात. उन्हाळ्यात त्यांचे खडे होतात. पुन्हा पावसाळा, पुन्हा उन्हाळा. असे पन्नास वेळा झाले की कोरीव मोराची चोच गळते, देवाच्या हाताची बोटे जातात. गेलेले कोरीव काम परत येत नाही. नवा दगड घडवून बसवता येतो, पण तो जुन्या कारागिराच्या हातचा नसतो.

शिटेतून उगवणारा पिंपळ

शिटेने होणारे तिसरे नुकसान सगळ्यांनी पाहिले आहे. मात्र ते शिटेमुळे होते, हे ध्यानात येत नाही. देवळाच्या कळसाजवळ, वाड्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात पिंपळ उगवलेला दिसतो. तिथे तो कोणी लावला?

पाखरांनी लावला. साळुंकी, बुलबुल, कोकीळ, कावळा ही पाखरे वडा-पिंपळाची फळे खातात. आतले बी बारीक असते. ते पोटातून सुखरूप बाहेर पडते. बरोबर शिटेचे खतही मिळते. शीट सांध्यात पडली, पावसाचे पाणी मिळाले, की रोप उगवते.

रोप दोन बोटे असते तेव्हा ते दोन बोटांनी उपटता येते. तेव्हा कोणी पाहत नाही. मग मूळ सांध्यात शिरते. मूळ जाड होते, तसे दगड बाजूला ढकलते. फटीतून पाणी आत जाते. पुढे पिंपळ तोडायला कोणी धजत नाही, कारण आपण त्याला पुजतो. आणि तोडला तरी मूळ आतच राहते, पुन्हा फुटते. म्हणून दर पावसाळ्यानंतर भिंती पाहाव्यात आणि कोवळे रोप तेव्हाच मुळासकट काढावे. पिंपळ हवा असेल तर तेच रोप मोकळ्या जागेत, पारासाठी लावावे. पिंपळही जगेल, भिंतही जगेल.

पाखरे तिथेच का बसतात?

कबुतराला आपण गावाकडे पारवा म्हणतो. रानातला पारवा मूळचा कड्याकपारीत राहणारा. विहिरीच्या खाचेत तो घरटे करतो, तेही त्यामुळेच. उंच, सपाट, अडचणीची जागा त्याला आवडते. देवळाची पागोळी, वाड्याची कमान, पुतळ्यावरची छत्री, हे सगळे त्याला कड्यासारखेच वाटते. कावळ्याला आणि साळुंकीला उंचावरून चौफेर पाहायचे असते. म्हणून ती पुतळ्याच्या डोक्यावर किंवा वर केलेल्या हातावर बसतात.

पुतळ्यावर छत्री असली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. छत्रीने ऊन-पाऊस अडतो हे खरे. पण छत्रीच्या आत पारवे राहायला आले तर शीट थेट पुतळ्यावर पडते, आणि ती धुवायला पाऊसही येत नाही. म्हणून छत्री बांधतानाच आत बसायला सपाट कड ठेवू नये.

दुसरे कारण खाणे. जिथे रोज दाणा मिळतो तिथे पारवे जमतात. पारव्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते. सुमारे अठरा दिवसांत पिले बाहेर येतात. खाणे भरपूर असेल तर वर्षात अनेक वेळा पिले होतात. एक कबूतर वर्षाला दहा ते बारा किलो शीट टाकते, असा अंदाज आहे. तुम्हीच हिशेब करा. शंभर कबुतरे एका देवळावर राहिली, तर वर्षाला दहा क्विंटलच्या वर घाण झाली. एवढे वजन आपण पाठीवरून वाहून नेऊ शकू का?

पाखराला दाणा घालणे हे पुण्य, मग ते सोडायचे का?

हा प्रश्न नेहमी येतो. नाशिकला रामकुंडावर दशक्रियेला लोक येतात. कावळा पिंडाला शिवला की माणसाच्या मनाला शांती वाटते. गोदाघाटावर पारव्यांना दाणे टाकणारेही पुष्कळ आहेत. पाखरांवरची ही माया चांगली आहे. ती सोडा असे आम्ही म्हणत नाही.

पण मायेलाही जागा आणि बेत हवा. मूठभर दाणा घालणे वेगळे आणि देवळापुढे पोती ओतणे वेगळे. रोज पोत्याने दाणा पडला की पाखरे रानात जाणे सोडतात आणि त्यांची संख्या भलतीच वाढते.

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. लंडन शहरात ट्रॅफल्गार नावाचा मोठा चौक आहे. तिथल्या पुतळ्यांवर हजारो कबुतरे बसत. २००३ साली तिथे दाणा घालायला बंदी झाली. इटली देशातल्या व्हेनिस शहरानेही २००८ साली आपल्या मुख्य चौकात दाणा विकणे आणि घालणे थांबवले. मुंबईत २०२५ साली कबूतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोन्ही बाजूंना कळकळ होती. एका बाजूला जीवदया होती, दुसऱ्या बाजूला माणसांचे आरोग्य होते.

उलट इराणमधल्या इस्फहान शहराची गोष्ट पाहा. तिथल्या शेतकऱ्यांनी कित्येक शतकांपूर्वी कबुतरांसाठी शेतात मातीचे मोठे बुरूज बांधले. आत हजारो कोनाडे. कबुतरे तिथे राहत. साचलेली शीट काढून ते लोक खरबुजांच्या शेताला खत म्हणून घालीत. पाखरू तेच, शीट तीच. पण शेतात पडली तर सोने आणि पुतळ्यावर पडली तर नुकसान.

म्हणून आम्ही एवढेच सुचवतो. दाणा घालायचा तर थोडा घाला. पुतळा, देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून दूर, मोकळ्या जमिनीवर घाला. संध्याकाळी उरलेला दाणा झाडून घ्या.

काय करावे?

उपाय सोपा आहे. त्याला पैसा कमी लागतो, नेम जास्त लागतो.

पहिली गोष्ट, शीट वाळू देऊ नये. ताजी शीट साध्या पाण्याने निघते. आठवड्यातून एकदा पुतळा धुतला तरी पुष्कळ काम होते.

दुसरी गोष्ट, वाळलेली शीट खरवडू नये. तिच्यावर ओले सुती फडके पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. ती मऊ झाली की बांबूच्या कामटीने हलकेच उचलावी. मग मऊ ब्रशने आणि भरपूर पाण्याने धुवावे. शेवटी कोरड्या फडक्याने पुसावे, म्हणजे खाचेत पाणी राहत नाही.

तिसरी गोष्ट, बसायची जागा मोडावी. सपाट कडेवर उतरती फळी बसवावी. भोके, कोनाडे यांना जाळी लावावी. मात्र जाळी लावण्याआधी आत घरटे, अंडी किंवा पिले नाहीत ना, हे पाहावे. पाखरांना विष घालू नये, चिकटा लावू नये. त्यात मुके जीव हाल होऊन मरतात.

चौथी गोष्ट, पुतळा ब्राँझचा असेल तर जाणत्या कारागिराकडून वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात द्यावा. कल्हई भांड्याला राखते, तसे मेण पुतळ्याला राखते.

पाचवी गोष्ट, पुतळा कशाचा आहे हे विचारून घ्यावे. गावातले पुष्कळ पुतळे ब्राँझचे नसतात. कोणी सिमेंटचे, कोणी फायबरचे असतात. त्यांच्यावर धातूसारखा रंग दिलेला असतो. तसा पुतळा फक्त पाण्याने आणि मऊ फडक्यानेच पुसावा.

काय करू नये?

जयंती जवळ आली की गावात घाई होते. मग कोणी चिंच आणतो, कोणी राख आणतो, कोणी तारेची घासणी आणतो. पुतळा घासून लख्ख करतात. सगळ्यांना बरे वाटते. पण चिंचही आम्लच आहे. तिने शीट जाते, त्याबरोबर पुतळ्याचे कातडेही जाते. भांडे घासून झिजले तर नवे घेता येते. पुतळ्याचा चेहरा झिजला तर काय करणार?

संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच लावू नये. दगडालाही नाही, धातूलाही नाही. खराब भाग झाकायला सोनेरी रंग फासू नये. शीट खाली राहते आणि रंगाखाली आपले काम करीत राहते.

जुने मंदिर, लेणे किंवा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असेल, तर आपण होऊन साफसफाई करू नये. खात्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे. तिथली माणसे त्या कामाची माहीतगार असतात.

साफ करताना जपा

वाळलेल्या शिटेची धूळ फार वाईट. तिच्यात बुरशी आणि जंतू असतात. ती श्वासात गेली तर फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. वर्षानुवर्षे अशी धूळ नाकात गेली तर काही जणांची फुप्फुसे सुजतात, दम लागतो. म्हणून कोरडी शीट कधी झाडू नये. आधी पाणी शिंपडावे. नाकातोंडाला मास्क किंवा दुपदरी फडके बांधावे. हातमोजे घालावेत. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कपडेही धुवावेत. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना या कामाला लावू नये. शिडी पक्की लावावी, आणि वर विजेची तार नाही ना, हे आधी पाहावे.

हे एवढे कशासाठी?

कोणी म्हणेल, पुतळा तो पुतळाच. त्याची एवढी काळजी कशाला?

नाशिकला काळाराम मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. हजारो साधी माणसे त्यात उतरली. आज बाबासाहेबांचे पुतळे गावोगाव आहेत. शिवाजी महाराजांचे, महात्मा फुल्यांचे आहेत. कुठे गावच्या हुतात्म्याचा आहे. ते बहुधा सरकारने बसवलेले नाहीत. गावाने वर्गणी काढली. कोणी एका दिवसाची मजुरी दिली. कोणी पायलीभर धान्य दिले. त्या पुतळ्यात गावाचा घाम आहे.

पुतळ्याखालची अक्षरे म्हणजे गावाची आठवण. जयंतीला आपण मोठा हार घालतो. ढोल वाजवतो. दुसऱ्या दिवसापासून पाखरे आणि पुतळा, दोघेच उरतात. हार वर्षातून एकदा घातला तरी चालेल. पाण्याची बादली मात्र दर आठवड्याला हवी. एका आळीने एक महिना घ्यावा, दुसरीने दुसरा. बारा आळ्या नसतील तर वर्षातून दोनदा पाळी येईल. त्यात जड काय आहे?

वर्गातल्या त्या बाईंनी परत येताच आपल्या गावच्या पुतळ्याखालची पाटी धुतली. मग ती सगळी वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. खाली वर्गणी देणाऱ्यांची नावे होती. त्यात त्यांच्या आजेसासऱ्यांचे नाव होते. इतकी वर्षे त्या तिथून पाणी भरायला जात होत्या, पण ते नाव तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

आपल्या गावच्या पाटीवर काय लिहिले आहे, ते तुम्हीही जाऊन वाचा. वाचता आले नाही, तर बादली घेऊन जा.

विचार करा आणि उत्तर द्या

१. शिटेतला पांढरा भाग कशाचा असतो?
२. पितळेच्या भांड्यात ताक का कळकते? पुतळ्यावर तसेच काय होते?
३. देवळाच्या भिंतीत पिंपळ कसा उगवतो? तो केव्हा काढावा?
४. पुतळा चिंचेने का घासू नये?
५. तुमच्या गावातला पुतळा किंवा देऊळ पाहून या. शीट कुठे पडते? पाखरे कुठे बसतात? ती जागा कशी मोडता येईल, ते वर्गात सांगा.